वाशीमचा कूलर आणि दोन समुद्र

चूक माझी होती, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. शेवटासाठी राखून ठेवलं तर मध्येच कुठेतरी ती मी दुसऱ्याच्या नावावर ढकलीन. माझा स्वभाव तसा आहे, आणि मागच्या वर्षी मी नेमकं तेच केलं.

मी वाशीमला राहतो आणि गेली चोवीस वर्षं रिठदच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. मुलांना दर वर्षी एक प्रश्न हमखास घालतो : दमट हवेत बाष्पीभवन मंद होते, कारण लिहा, दोन गुण. त्याचं उत्तर मला झोपेतून उठवलं तरी येतं. असं असूनही मागच्या मे महिन्यात मी पत्र्याचा एक कूलर वाशीमहून थेट कोकणच्या समुद्रकाठी नेला. तो तिथे चालला नाही, आणि त्याचं खापर मी तो बनवणाऱ्या युसुफभाईंवर भर गल्लीत फोडलं. वर्षभरानंतर आम्ही नवरा-बायको दुसऱ्या बाजूच्या समुद्रावर जाऊन आलो, तेव्हा माझे डोळे उघडले. त्या दोन्ही प्रवासांची ही हकिगत. आमच्या भागातल्या पुष्कळ लोकांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. त्यांना जायची हौस आली तर निदान सोबत काय न्यायचं नाही, एवढं तरी यातून कळावं.

वाशीम, मागच्या वर्षीचा मे

माझी मुलगी सुजाता परिचारिका आहे. तिची नेमणूक गुहागरजवळच्या एका लहान गावात झाली आणि तिथला तिचा तो पहिला उन्हाळा होता. एका संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, बाबा, इथं फार उकडतं, जीव नकोसा होतो. मी तापमान विचारलं. ती म्हणाली, तेहतीस-चौतीस. हे ऐकून आम्ही दोघं हसलो. आमच्याकडे त्या दिवशी चव्वेचाळीस होतं आणि तरी माझी बायको शोभा गच्चीवर कुरड्या उलथवून आली होती. ती म्हणाली, पोरगी कोकणात जाऊन नाजूक झाली.

पण बापाचं मन. आणि वऱ्हाडातल्या बापाच्या मनाला गरमीवर एकच औषध ठाऊक असतं. आमच्याकडे लेकीच्या लग्नात कपाट आणि पलंगाबरोबर कूलर देतात. एप्रिल लागला की माळ्यावरून कूलर उतरवायचा, टाकी घासायची, तिन्ही बाजूंच्या वाळ्याच्या ताट्या, म्हणजे पाणी धरणाऱ्या गवताच्या जाळ्या, बदलायच्या, पहिलं पाणी सोडून त्या ओल्या वासात सगळ्यांनी समोर बसायचं, हा घरोघरचा सण असतो. लेक उकाड्यात आणि तिच्याकडे कूलर नाही, ही गोष्ट मला सहन होईना.

युसुफभाईंचं दुकान बसस्टँडमागच्या गल्लीत आहे. पत्रा ते स्वतः कापतात, स्वतः वाकवतात. आमच्या घरचा कूलर त्यांनीच बनवलेला, सोळा वर्षं झाली, अजून कुरकुरत नाही. रिठदहून परत आलो की त्यांच्या बाकावर बसून एक चहा घ्यायचा आणि मग घरी जायचं, असा माझा नेम होता. मी त्यांना कूलर सांगितला आणि कुठे न्यायचा तेही सांगितलं. त्यांनी हातातला हातोडा खाली ठेवला.

"सर, तठी हवेतच पाणी असते म्हणतात. माहा साडू मुंबईले राहते, त्याच्या बिल्डिंगीत एकाच्याही घरी कूलर नाई. हा चालंन का तठी?"

यावर मी जे बोललो ते लिहिताना आजही कान गरम होतात. मी म्हणालो, "युसुफभाई, गरमी कुठंही गरमीच असते. विज्ञान मले नका शिकवू."

ते हसले. बरं सर, म्हणाले, आणि तिन्ही बाजूंना नेहमीपेक्षा जाड ताट्या भरून दिल्या, पोरीसाठी म्हणून.

गुहागरच्या बाजूला

शोभालाही समुद्र पाहायचा होता. पण दोन माणसं, कूलर, त्याचं स्टँड, पापड-कुरड्यांचा डबा आणि तुरीच्या डाळीची थैली एवढं सगळं नेणं जमेना. कोणीतरी एक मागे राहायला हवं होतं. कूलर मागे राहणं शक्य नव्हतं.

प्रवासातल्या बाकीच्या गोष्टी सांगत नाही, पण कुंभार्ली घाटाची सांगतो. घाटाच्या वरच्या तोंडाशी माझे ओठ आमच्याकडच्यासारखेच फुटलेले होते. गाडी खाली उतरली तेव्हा ते मऊ पडले होते आणि सदरा पाठीला चिकटला होता. पाऊस नाही, घागर सांडलेली नाही, तरी अंगावर पाणी. आमच्याकडे घाम येतो, पण तो दिसत नाही, येता येताच सुकून जातो. इथे तो आला की मुक्कामालाच राहतो.

सुजाता सुमनकाकूंच्या घरात एका खोलीत भाड्याने राहते. काकू म्हणजे साठीच्या, सडपातळ, आणि बोलताना समोरच्याची जरा गंमत करणाऱ्या. मी रिक्षातून कूलर उतरवला तेव्हा त्या अंगणात कोकमं वाळत घालत होत्या. त्यांनी कूलरभोवती एक फेरी मारली आणि वाळ्याची जाळी बोटाने दाबून पाहिली.

"कोंबड्यांचं खुराडं एवढ्या लांबून आणलंत होय? इथे मिळत नाहीत असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी त्यांना यंत्र समजावून सांगितलं. ताटीवरून पाणी झिरपतं, पंखा बाहेरची हवा त्यातून ओढतो, हवा गार होऊन घरात येते. काकूंनी मन लावून ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ओली हवा घरात आणायची. ती घराबाहेर घालवण्यात तर आमचा जन्म गेला."

दोन गुणांचं उत्तर त्यांनी एका दमात दिलं होतं. मी गुण दिले नाहीत.

कूलर लावला. पहिली पाच मिनिटं वाळ्याचा वास आला आणि मी सुजाताकडे विजयी मुद्रेने पाहिलं. अर्ध्या तासाने फरशी चिकट झाली. तासाभराने मिठाच्या बरणीत पाणी सुटलं. संध्याकाळी काडेपेटीतल्या काड्या पेटेनात, आणि शोभाने दिलेले उडदाचे पापड हातात धरले तर धुतलेल्या रुमालासारखे लोंबायला लागले. वारा भरपूर येत होता, गारवा नव्हता. सुजाता बापाला वाईट वाटू नये म्हणून त्या वाऱ्यासमोर बसून घाम पुसत होती. मी दोनदा पंप खोलला, टाकी धुतली, ताट्या उलट्या करून लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कूलर बंद करून अंगणात ठेवला आणि खिडकी उघडली. समुद्रावरून येतो तेवढा वारा पुरे बाबा, म्हणाली.

नंतरचे तीन दिवस चांगले गेले असं म्हणायला हवं. समुद्र पाहिला, सूर्य त्यात बुडताना पाहिला. सोलकढी आवडली. मासा आवडला, पण त्याच्या काट्यांपुढे मी हरलो आणि काकूंनी मला लहान मुलासारखा मासा निवडून दिला. तिन्ही त्रिकाळ भात खाऊन भाकरीची आठवण येत राहिली. एक गोष्ट मला नवी होती. मे महिन्यात आमच्याकडे अकरा वाजले की रस्ते ओस पडतात, बाहेर पडणारा डोक्याला दुपट्टा गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवतो. इथे लोक भर दुपारी उघड्या डोक्याने फिरत होते, मात्र वारा पडला की सगळे कासावीस होऊन ओटीवर येत. आम्ही उन्हाला भितो, हे लोक पडलेल्या वाऱ्याला. माझा सकाळी धुतलेला सदरा तिसऱ्या दिवशीही दमट होता, तो तसाच पिशवीत घातला. आमच्याकडे सदरा वाळत घालून आंघोळीला गेलं तर बाहेर येईतो तो घालण्यासारखा झालेला असतो.

निघायच्या दिवशी अंगणात पाहिलं तर एक ताटी काढलेली होती आणि काकूंची खुडूक कोंबडी कूलरच्या आत अंड्यांवर बसली होती. काकूंनी परवानगी मागितली नव्हती. मीही काढलेली ताटी उचलून भिंतीला टेकवून ठेवली. महिन्याभराने सुजाताने फोटो पाठवला, टाकीच्या काठावर ओळीने पिल्लं. युसुफभाईंच्या कामाचं तिथे झालेलं तेवढंच कौतुक.

वाशीम, परतल्यावर

खरी चूक आता येते. कूलर नेणं हा वेडेपणा होता, त्याला लोक हसून विसरले असते.

मी परत आलो त्या संध्याकाळी युसुफभाईंनी हाक मारून विचारलं, काय म्हणते पोरीचा कूलर. बाकावर चार-पाच गिऱ्हाईकं होती. तुमचं खरं निघालं, एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण आजूबाजूला लोक होते, मला सगळे सर म्हणतात, आणि जाण्याआधी मी तिथेच विज्ञानाचा रुबाब केला होता. मी म्हणालो, "थंडच नाही करत. ताट्या हलक्या टाकल्या तुमी. पंपही बराबर नाई."

युसुफभाईंनी हात पुसले. मी काय बोललो होतो ते त्यांना आठवत होतं, मला आठवत होतं, आणि त्यांना आठवतंय हेही मला कळत होतं. ते फक्त म्हणाले, "असंन सर. घेऊन या, बदलून देतो."

कोंबडी बसलेला कूलर मी कुठून परत आणणार होतो. एक गिऱ्हाईक माझं ऐकून तिथल्या तिथे उठून गेलं. शाळेत मी हीच गोष्ट जरा मीठ-मसाला लावून सांगितली, कारण एकदा बोलल्यावर ती खरी ठरवणं भाग होतं. त्याचा परिणाम या एप्रिलमध्ये दिसला. दर वर्षी युसुफभाईंकडे जाणारे आमचे पाच शिक्षक यंदा शोरूममधून प्लॅस्टिकचे कूलर घेऊन आले. पाचही जणांनी मला येऊन सांगितलं, सर, तुमी सांगितलं म्हणून वाचलो. युसुफभाईंचा धंदा वर्षातून अडीच महिन्यांचा, आणि त्यात माणूस नावावर जगतो. त्या नावाला मी भोक पाडलं होतं. मी ती गल्ली सोडली. स्टँडवरून उतरून लांबच्या रस्त्याने घरी जाऊ लागलो. वर्षभर तो चहा घेतला नाही. शोभाने विचारलं की पायांना व्यायाम होतो म्हणून सांगायचो.

बापटला, या वर्षीचा मे

आमचं घर बौद्ध आहे आणि अमरावतीचा स्तूप पाहायचा हे माझ्या वडिलांचं राहून गेलेलं होतं. म्हणून या सुट्टीत आम्ही आंध्रात गेलो. आमच्याकडे अमरावतीला जातो म्हटलं की लोक विचारतात, कोणाच्या लग्नाला. ती अमरावती वेगळी, कृष्णा नदीकाठची. तिथे उन्हात उभं राहून दोघांनी वंदना म्हटली, वडिलांच्या नावाने थोडा वेळ बसलो. मग शोभा म्हणाली, आता मले समुद्र दाखवा, यंदा कूलर संग नाही. तिथून बापटला हे समुद्रकाठचं गाव गाठलं.

वाटेत मी तिला समुद्रकाठच्या हवेवर व्याख्यान दिलं. अंग चिकट होईल, पावडर लाव, कपडे वाळणार नाहीत, कुरड्या डब्याबाहेर काढू नको. सकाळी अकराच्या सुमारास आम्ही गाडीतून उतरलो आणि भट्टीचं दार उघडावं तसा झोत तोंडावर आला. कोरडा, धुळीचा, नाकपुड्या जाळणारा. शोभाने पदर डोक्यावरून घेतला.

"हा समुद्र हाय का कामरगावचा बसस्टँड?"

कामरगाव आमच्याच जिल्ह्यातलं. लॉजच्या खोलीत शिरलो तर आत सुखद गार. खिडकीत पत्र्याचा कूलर लावलेला, तिन्ही बाजूंना ताट्या, पाणी झिरपतंय, आणि समोर उभं राहिलं की अंगावर काटा येईल इतका गार वारा. समुद्र तिथून रिक्षाने थोड्याच अंतरावर होता. मी पिशवी खाली न ठेवता तसाच उभा राहिलो. शोभा पलंगावर आडवी झाली आणि डोळे मिटून म्हणाली, "युसुफभाईनंच बनवला वाटते."

मी कूलरची मागची बाजू पाहून आलो. तीच बांधणी, तसाच पंप, ताट्या तर युसुफभाईंच्यापेक्षा पातळ होत्या.

लॉजचे मालक वेंकटेश्वरलू, गोलमटोल, हसतमुख गृहस्थ. हिंदी त्यांच्या पद्धतीची, माझी माझ्या पद्धतीची. मी त्यांना विचारलं की समुद्राजवळ कूलर चालतो कसा. त्यांनी पश्चिमेकडे हात केला. "सुबह हवा उधर से आता सार, तुम्हारे साइड से. दो बजे समुंदर का हवा चालू होता. तब कूलर बंद करने का, खिड़की खोलने का."

माझ्यातला शिक्षक जागा झाला. मी रुमाल ओला करून गॅलरीत टांगला. तो बघता बघता कडक झाला. जेवून आलो, दोन वाजून गेले, आणि कोणीतरी वळवल्यासारखा वारा फिरला. ताडाची झाडं दुसऱ्या बाजूला झुकली. कूलरचा गारवा ओसरला, बिछाना दमट झाला. रुमाल पुन्हा भिजवून टांगला, तो संध्याकाळपर्यंत ओलाच. कूलर तोच, खोली तीच, फक्त हवा बदलली होती.

तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. उन्हाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. कोकणाला पश्चिमेला समुद्रच आहे, म्हणून तिथे वारा पाणी घेऊनच येतो. ती हवा आधीच भिजलेली, तिच्यात कूलरचं पाणी मावणार कुठे. बापटल्याला मात्र तोच वारा अर्धा देश तापलेल्या जमिनीवरून चालत येतो, आपल्या शेतांवरून, धुळीवरून. म्हणजे सकाळभर तिथे जवळजवळ आमचीच हवा होती. कूलरला माहेरची हवा मिळाली होती, म्हणून तो आनंदाने चालत होता. किनारा म्हटलं की एकच हवामान, असं मी धरून चाललो होतो, आणि पत्रा वाकवणाऱ्या माणसाला साडूच्या बिल्डिंगीवरून जे कळलं ते मला चोवीस वर्षांच्या पुस्तकांतून कळलं नव्हतं.

पावसाचंही तसंच. सुमनकाकूंच्या हिशेबी जूनमध्ये आभाळ फाटतं आणि चार महिने शिवत नाही. वेंकटेश्वरलू म्हणाले की जूनचा पाऊस त्यांना तोंड धुण्यापुरता, खरं पाणी दिवाळीच्या आसपास तुफानाबरोबर येतं, आणि तेव्हा ते लॉजची पाटीच उतरवून ठेवतात. जमीनही वेगळी. तिकडे डोंगर पाठीशी येऊन उभा, तांबडी माती, दाट झाडी. इकडे सपाट वाळू, कालवे, ताड, आणि नजर अडायला काही नाही. जेवायला मात्र घरच्यासारखं वाटलं. गोंगुरा म्हणून जे वाढलं ती आपली अंबाडी निघाली. तिखट इतकं की शोभाला पहिल्यांदा आपल्या ठेच्याचा कमीपणा वाटला.

सायंकाळी तिला घेऊन सूर्य बुडताना दाखवायला वाळूवर गेलो. चांगली जागा धरून बसलो, समुद्राकडे तोंड करून. अंधारायला लागलं तरी सूर्य काही दिसेना. शोभाने मागे वळून पाहिलं. तो आमच्या पाठीमागे ताडांच्या आड केव्हाच गेला होता. पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडेल अशी वाट पाहणारा विज्ञानशिक्षक मी एकटाच असेन. ती इतकी हसली की शेजारचं कुटुंबही काही न कळता हसू लागलं. हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "मंग? युसुफभाईले सांगान का आता?"

मी म्हणालो, पाहू.

"पाहू काय? गल्लीत बोलले होते ना, मंग गल्लीतच सांगा लागंन. आन् चालाचा व्यायाम बंद करा."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. वर्षभर ठाऊक होतं.

वाशीम, पुन्हा

आल्यावर पहिल्यांदा त्या पाच शिक्षकांना फोन केले. सुट्टी असल्याने आणि फोनवर चेहरा दिसत नसल्याने ते सोपं गेलं. चौघं हसले. पाचवे म्हणाले, आमचा प्लॅस्टिकवाला आत्ताच गळून राह्यला, तुमीच दुरुस्त करून द्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीत गेलो. युसुफभाई लग्नाच्या मंडपात लावतात तसला मोठा कूलर तपासत होते. त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरत होता. बाकावर शिरपूर जैनचे दोन शेतकरी आणि एक बाई बसलेली, शेजारच्या दुकानात शिंपी मशीनवर. युसुफभाईंनी मला पाहिलं, मानेने बसा म्हणाले, आणि कामाला लागले. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा आला असता तर मी इकडचं-तिकडचं बोलून उठलो असतो.

मी म्हणालो, युसुफभाई, मागच्या वर्षी मी चुकीचं बोललो.

त्यांनी कानाला हात लावला. पंख्यापुढं ऐकू नाई येऊन राह्यलं सर, म्हणाले.

मी आवाज वाढवून पुन्हा सांगितलं, कूलरमध्ये काही खोट नव्हती. ते म्हणाले, काय? नोट? कोणाची? शिंप्याने मशीन थांबवलं. मी जवळ गेलो तर ते पंख्याच्या पलीकडच्या बाजूला सरकले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं. मला तेव्हा कळलं की त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. पण मागच्या वर्षी मी आवाज किती लावला होता तेही मला आठवलं. मी छाती भरून घेतली आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तसा आवाज काढला. पहिला शब्द तोंडातून निघाला आणि युसुफभाईंनी शांतपणे बटण बंद केलं. पंखा थांबला, गल्ली चिडीचूप झाली, आणि पुढचं सगळं स्टँडपर्यंत ऐकू गेलं :

"युसुफभाई, तुमचा कूलर चांगला होता, तुमी आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आन् वरून इथंच उभा राहून खोटं बोललो, मले माफ करा."